मृदुला आत्याकडे गेली

सरलाकाकूंचा सिनेमा ऐकला नाही असा मराठी माणूस डब्लिनमध्ये शोधून सापडणार नाही. डब्लिन म्हणजे ओहायोतलं, कोलंबसच्या शेजारचं. भारतातल्या नातेवाइकांना हे अजून दरवेळी सांगावं लागतं. कुणाकडे सत्यनारायण असो, डोहाळजेवण असो, नाहीतर नुसतं बेसमेंटमध्ये पत्ते कुटायला जमलेलं कोंडाळं असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणायचंच, "काकू, तो धुक्याचा सिनेमा होऊन जाऊ दे." मग त्र्याऐंशी वर्षांच्या काकू आधी "अरे, किती वेळा तेच ते" असं म्हणणार आणि लगेच पदर सावरून सुरू होणार. आढेवेढे आपले नावाला.

सिनेमा त्यांनी पाहिला एकसष्ट साली, देवळालीच्या छावणीतल्या टॉकीजमध्ये. विलायतेत तो तेव्हाच दहा-बारा वर्षांचा जुना झालेला. लढाईनंतर इंग्रजांची कंबर मोडली होती, तेव्हा चार भिंती आणि पोतंभर धूर एवढ्या भांडवलावर काढलेला खुनाचा सिनेमा. छावणीत रविवारी सकाळी इंग्रजी खेळ लागायचा, अर्ध्या तिकिटात. काकूंचे यजमान मनोहर तिथल्याच डेपोत कारकून. साहेबाच्या हाताखाली राहून त्यांचं इंग्रजी पक्कं झालेलं. काकू मराठी सातवी. त्यामुळे पडद्यावर साहेब बोलायचा आणि काकूंच्या कानात मनोहरराव. गोऱ्यांची नावं बायकोच्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांना मराठी नावं देऊन टाकली होती. लढाईवरून परतलेला, घड्याळं दुरुस्त करणारा नायक म्हणजे भाऊसाहेब. रेशनची खोटी कुपनं छापणाऱ्या टोळीचा म्होरक्या, तो टोपीवाला. क्लबात गाणारी ती चंचलाबाई. आणि भाऊसाहेबांची सहा वर्षांची आईवेगळी पोर, मृदुला. टोपीवाल्याला खून करताना तिनं खिडकीतून पाहिलेलं असतं.

"त्या वर्षी मी चार महिने घराबाहेर पडले नव्हते," काकूंची सुरुवात ठरलेली. "आजारी होते. ह्यांनी बळंच नेलं." मग धुकं, मग गल्ली, मग मोटारीचे दोन दिवे. "पोर धावतेय, मागे टोपीवाला. आणि मग काय, भाऊसाहेब मृदुलाला आत्याकडे पाठवून देतात. समुद्रकाठी. हवा चांगली तिकडची. पोरीची काळजी मिटली म्हटल्यावर भाऊसाहेब मोकळे. टोपीवाल्याला असा धुतला म्हणता."

मनोहरराव होते तोवर हे सगळं शेजारच्या खुर्चीत बसून ऐकायचे. कधी मधे बोलले नाहीत, कधी उठून गेले नाहीत. त्यांना जाऊन आता आठ वर्षं झाली.

उठून जायचा तो त्यांचा मुलगा देवदत्त. आईनं "त्या वर्षी मी चार महिने" म्हटलं, की हा डिशवॉशर लावायला पळालाच. त्यानं गोष्ट तीनशे वेळा ऐकली होती आणि शिवाय त्या गोष्टीशी त्याचं जुनं वाकडं होतं. दहा वर्षांचा असताना पाहुण्यांसमोर त्यानं शहाणपणा केला होता. "इंग्रजांच्या पोरीचं नाव मृदुला कसं असेल? मेरी असेल मेरी," म्हणाला होता. पाहुणे हसले. आई गोष्ट अर्धी टाकून आत गेली आणि बाबांनी त्याच्या कानाखाली जाळ काढला. जन्मात एकदाच. कशाबद्दल, ते त्याला तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायची सोय नव्हती. साठी उलटली, इन्शुरन्स कंपनीत डिरेक्टर झाला, तरी मृदुलाचं नाव आलं की त्याचा गाल हुळहुळायचा.

तर यंदाच्या फेब्रुवारीत त्याच्या मुलीनं, केयानं, तो सिनेमा शोधून काढला. केया कोलंबसमधल्या एका जुन्या एकपडदा थिएटरात कोणते सिनेमे लावायचे ते ठरवण्याचं काम करते. आजीच्या गोष्टीतलं घड्याळाचं दुकान, कुपनं आणि टोपी एवढ्यावरून तिनं दोन वर्षं चिकाटीनं कुठकुठल्या याद्या चाळल्या होत्या. 'नो लॅम्प इन टॅनर्स रो' असं त्याचं खरं नाव निघालं. एक बरी प्रिंट मिळाली आणि बाईसाहेबांनी थेट रविवारी सकाळी अकराचा शो लावला, देवळालीसारखा.

"आजी, तुझ्यासाठी फ्रंट रो रिझर्व्ह केलीय," ती फोनवर म्हणाली.

"पुढे नको गं, मान दुखते. आम्ही मधल्या रांगेत बसायचो," काकू म्हणाल्या आणि त्याच दुपारी कपाटातून मोतिया रंगाची साडी बाहेर निघाली. शेंगदाणे भाजायला काढले. टॉकीजला शेंगदाण्याशिवाय जायचं असतं का. चार दिवस आधीपासून त्या घरात गुणगुणत फिरत होत्या, आणि देवदत्तची बायको शुभा म्हणाली, "बाबा गेल्यापासून आईंना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं."

देवदत्त पडला तयारीचा माणूस. कुठेही जायचं तर आधी पार्किंग बघून ठेवणार. केयानं घरी बघायला लिंक पाठवली होती, ती त्यानं गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत उघडली. डब्यातली पोळी एका हातात, सिनेमा समोर. सुरुवातीला त्याला मजा वाटली. एकच गल्ली तीन वेगळ्या गल्ल्या म्हणून दाखवली होती, नुसत्या पाट्या बदलून. धूर इतका की भिंत नसेल तिथं झाकून जावं. पोरीचं नाव पेगी होतं. बघा, मृदुला नव्हतीच, असं म्हणून तो एकटाच हसला.

एकावन्नाव्या मिनिटाला मोटारीचे दिवे आले. पोर धावली. ब्रेक कर्रकन वाजले. मग गटाराच्या कडेला एक छोटा बूट, आणि त्यानंतर पाऊस, काळ्या छत्र्या आणि दोन माणसांनी सहज उचललेली एक एवढीशी शवपेटी.

आत्या नव्हती. समुद्र तर नव्हताच नव्हता. पुढचा अर्धा तास भाऊसाहेब पोरीच्या दुःखानं पिसाटल्यासारखा टोपीवाल्याला शोधत फिरत होता आणि शेवटी दोघंही गोदीत बुडून मेले. देवदत्तच्या हातातली पोळी हातातच राहिली.

त्याला एक गोष्ट ठाऊक होती, जी घरात कुणी बोलत नसे. पंधरा वर्षांपूर्वी आईबाबा कायमचे इकडे आले, तेव्हा आईला डॉक्टरकडे नेलं होतं. फॉर्मवर किती बाळंतपणं असा प्रश्न होता. देवदत्तनं एक लिहिलं. आई शेजारून म्हणाली, "दोन." पुढे एक अक्षर नाही. घरी आल्यावर बाबांनी त्याला गॅरेजमध्ये गाठलं आणि बर्फ उपसायचं फावडं शोधता शोधता, त्याच्याकडे न बघता सांगितलं, "तुझ्याआधी मुलगी होती. एकसष्टच्या मार्चमध्ये. नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं. आईपाशी विषय काढू नकोस." देवदत्तनं कधी काढला नाही.

मार्चमध्ये मुलगी गेली. चार महिने आई घराबाहेर पडली नव्हती. बाबांनी तिला चार घटका विरंगुळा म्हणून सिनेमाला नेलं, आणि पडद्यावर नेमकं हे आलं. आता काय करायचं? बाबांनी एका क्षणात आत्या काढली, समुद्र काढला, आणि पुढचा अर्धा तास साहेब एक बोलत असताना दुसरंच बोलत राहिले. सरळमार्गी कारकून माणूस. आयुष्यात रजेच्या अर्जातसुद्धा खोटं लिहिलं नाही. देवदत्तला बाबांचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले. पण रविवारी आई तोच सिनेमा बघणार होती, आणि आता तिला इंग्रजी येत होतं. लायब्ररीतल्या वर्गाला जाऊन, दुपारच्या कोर्टाच्या मालिका बघून पक्कं शिकली होती. औषधाच्या दुकानाशी फोनवर भांडायची ती. बासष्ट वर्षं जपलेली गोष्ट एका सकाळीत मोडणार होती, आणि खालची जखम उघडी पडणार होती. या वयात.

त्यानं संध्याकाळपासून मोहीम उघडली. रविवारी बर्फ पडणार म्हणे. "पडू दे, तुझी गाडी फोर व्हील आहे ना," आई म्हणाली. थिएटर जुनं, हीटिंग धड नाही. "शाल घेईन." तुझा गुडघा. "गुडघा मला आहे की तुला?" शेवटी त्यानं केयाला फोन केला.

"शो कॅन्सल कर."

"व्हॉट? बाबा, मी दोन वर्षं शोधतेय. पोस्टर्स लागलीत."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. "आय डिडन्ट नो," ती म्हणाली. "पण तिला न विचारता आपण कसं ठरवायचं? शी इज नॉट अ चाइल्ड, बाबा."

"विचारायचं म्हणजे सांगायचंच ना," देवदत्त म्हणाला. शेवटी असं ठरलं, की पन्नासाव्या मिनिटाला देवदत्तनं आईला काहीतरी करून बाहेर काढायचं आणि दहा मिनिटं बाहेर रमवायचं. मोठमोठ्या कंपन्यांचे धोके मोजणारा माणूस, पण आईला बाथरूमला न्यायचं यापलीकडे त्याला काही सुचलं नाही.

रविवारी बर्फ पडला नाही. थिएटरात तेवीस माणसं होती, बहुतेक पांढऱ्या केसांची अमेरिकन जोडपी, हातात पॉपकॉर्न. आईनं पर्समधून शेंगदाण्यांची झिपलॉक काढली. बाहेरचं खाणं आणायला बंदी होती, पण केयानं दुसरीकडे बघितलं. मधली रांग, कडेच्या दोन खुर्च्या. देवदत्तनं बाही वर सरकवून मनगटावरचं घड्याळ मोकळं करून ठेवलं.

दिवे गेले, धुकं आलं, आणि आई त्याच्या कानाशी झुकली. "हा भाऊसाहेब. तेव्हा मला केवढा थोराड वाटला होता. पोरगेला आहे रे." थोड्या वेळानं, "टोपीवाला बुटका निघाला." चंचलाबाईच्या गाण्याला तिनं मान डोलावली. भिंतींवरच्या पाट्या बदलल्याचंही तिच्या लक्षात आलं. "आपल्या गणपतीतल्या नाटकाला असाच एक पडदा पुरवायचे," म्हणाली. मग दारातून वेणी उडवत पोर आली. भाऊसाहेबानं तिला पेगी म्हणून हाक मारली. आईनं बोट वर केलं. "ही मृदुला," ती म्हणाली. आवाज एकदम हळू झाला होता.

देवदत्तनं घड्याळ बघितलं. एकोणपन्नास.

"आई, बाथरूमला जाऊन येऊ या? नंतर गर्दी होते."

"तेवीस माणसांची?"

"तुझी औषधाची वेळ झालीय. पाणी पिऊन येऊ."

"देवा, बस खाली," आई म्हणाली. तिनं त्याचा हात धरून खुर्चीच्या हातावर दाबून ठेवला. एवढीशी म्हातारी, पण हात सुटेना. दिवे आले. पोर धावायला लागली. देवदत्तनं डोळे मिटून घेतले. ब्रेक कर्रकन वाजले. आणि मग शेंगदाण्याचा वास असलेला आईचा श्वास त्याच्या कानावर आला.

"मृदुलाला आत्याकडे पाठवली," आई म्हणाली. "समुद्रकाठी. हवा चांगली आहे तिकडची. तू घाबरू नकोस."

त्यानं डोळे उघडले. पडद्यावर पाऊस पडत होता, छत्र्या चालल्या होत्या. आई सगळं बघत होती, पापणी न हलवता. पेटी गल्लीच्या टोकाला दिसेनाशी होईपर्यंत तिनं नजर काढली नाही. मग ती खुर्चीत मागे टेकली आणि सिनेमा शेवटपर्यंत तिनं शांतपणे पाहिला.

केया लोकांशी बोलत लॉबीत थांबली होती. देवदत्तनं आईला गाडीत बसवलं, हीटर लावला. गाडी काढवेना त्याला.

"आई, तुला केव्हा कळलं?"

"काय?"

"ती मुलगी... गेली ते."

"मला इंग्रजी येत नव्हतं रे. डोळे होते की," आई म्हणाली. "एवढीशी पेटी, माणसं डोकी उघडी करून उभी राहिलेली. ती काय आत्याकडे निघालेल्या पोरीची ट्रंक असते?"

"मग बाबांना बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ह्यांचा हात माझ्या हातात होता, आत्ता तुझा होता तसा. माणूस माझ्यासाठी जीव तोडून खोटं बोलत होता. मी म्हटलं, बरं झालं, आत्या मायेनं करील तिचं. तेव्हा कुठे ह्यांनी श्वास सोडला."

देवदत्तला वाटलं, संपलं. पण आईनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आपणहून बोलायला लागली.

"आणि ते आत्याचं नंतरचं. सिनेमात आधी नाव आलं ना. बाळंतपणाच्या आधीच ह्यांनी नाव ठरवलं होतं. मला सांगेनात. म्हणाले, आत्या बाळाच्या कानात सांगेल बाराव्या दिवशी, तेव्हाच ऐक. यमूवन्संना पत्रानं कळवलं होतं, त्या हर्णै बंदराहून निघायच्या होत्या. आणि नवव्या दिवशी सगळं आटोपलं. मग नाव कोण विचारणार? मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. पोर बिननावाची गेली, हेच मला आतून खात होतं बघ. जेवण जाईना. चार महिने मी कुणाशी धड बोलले नाही."

"मग?"

"मग त्या सिनेमात बाकीच्यांना ह्यांनी चटाचट नावं दिली. टोपीवाला काय, चंचलाबाई काय. मी हसलेसुद्धा. चार महिन्यांत पहिल्यांदा. तेवढ्यात ती पोर आली. मी विचारलं, हिचं नाव काय हो? बराच वेळ बोलेनात. मला वाटलं, ऐकलं नाही. मग अगदी कानाशी आले आणि म्हणाले, मृदुला." आई थांबली. "मला पुढे काही विचारावं लागलं नाही."

"आणि नंतर कधी बोललात यावर?"

"नाही. मी सिनेमाची गोष्ट सांगायचे, हे ऐकायचे. तेवढंच. नाहीतर तिचं नाव कुणासमोर कसं घेतलं असतं? कोण ती, म्हणून विचारलं असतं लोकांनी."

देवदत्तचा हात आपोआप गालावर गेला. पन्नास वर्षांनी त्याला ती थप्पड कळली. मेरी म्हणाला होता तो. आणि नंतर दरवेळी, आई पाहुण्यांच्या घोळक्यात बसून लेकीचं नाव घ्यायला लागली की हा भांडी लावायला उठून जायचा. साठी उलटलेला तो माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसाहमशी रडला. आईनं त्याला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवत राहिली, बस.

काचेवर टकटक झाली. केया मागचं दार उघडून आत आली, गारठलेली, आणि तिनं आधी बापाकडे आणि मग आजीकडे बघितलं.

"आजी, आर यू ओके?" तिनं जपून विचारलं. "सिनेमा... आजोबांनी सांगितला होता तसाच होता का?"

"अगदी तसाच," आई म्हणाली.

देवदत्तनं डोळे पुसले आणि सीटवरून मागे वळला. "केया," तो म्हणाला, "तुझ्या आत्याचं नाव मृदुला."

केयाला समजायला क्षणभर लागलं. समजलं तेव्हा तिनं पुढे झुकून आजीच्या खांद्यावर हनुवटी टेकली. "मृदुलाआत्या," ती म्हणाली. तिच्या उच्चारात द थोडा वेगळा लागला, पण आईनं तो सुधारला नाही. लेकीचं म्हणून ते नाव दुसऱ्या कुणी घेतलेलं ती आज पहिल्यांदाच ऐकत होती.

मग तिनं पर्समधून झिपलॉक काढली आणि दोघांना हात पुढे करायला लावले. "बारशाला घुगऱ्या वाटतात," ती म्हणाली. "आज हेच घ्या." उरलेले शेंगदाणे तिनं तिघांत सारखे वाटले, आणि ते संपेपर्यंत देवदत्तनं गाडी सुरू केली नाही.